तीनशे पंचाहत्तरचा हंगाम

ऑगस्ट सरत आला की पहाटे फजरच्या नमाजानंतर मी शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर जातो आणि दक्षिणेकडे बघत उभा राहतो. लगूनच्या पाण्यावरून येणारी हवा तेव्हाही ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसते. चष्मा धुरकटतो, पुसावा लागतो, पुन्हा धुरकटतो. मग कधीतरी दोन टॉवरांच्या फटीत, अगदी खाली, एक तारा थरथरताना दिसतो. इथले लोक त्याला सुहैल म्हणतात. सुहैल दिसला म्हणजे उन्हाळ्याची पकड सुटली, असं मानतात. दुसऱ्या दिवशी दुकानात एकमेकांना फोनवरचे फोटो दाखवतात, जणू घरात कुणी जन्माला आलंय.

आमच्याकडे, म्हसळ्याजवळच्या गावी, हाच तारा अगस्ती. माझे अब्बा तो दाखवून म्हणायचे, पावसाचा जोर मोडला, आता भात निसवेल, आणि भात निसवला की डुकरं उतरतील. मग माळ्यावरची बारा बोअरची बंदूक खाली यायची आणि घरभर खोबरेल तेलाचा वास सुटायचा. इतर लोक तेव्हा थंडीची वाट बघत असतील. आमच्या घरात त्या ताऱ्याचा अर्थ बंदूक असाच होता. पुढे समुद्र ओलांडला तरी अर्थ बदलला नाही. फक्त आता तो दिसला की मी लगेच खाली उतरतो.

मी शारजातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात काम करतो. बाहेरच्या बाजूला तंबू, दुर्बिणी, ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या चामड्याच्या टोप्या. आतल्या खोलीत, दोन कुलपांच्या मागे, रायफली. परवाना फक्त इथल्या नागरिकाला मिळतो, तोही सगळी छाननी होऊन. मी यातली एकही कधी विकत घेऊ शकणार नाही, पण अर्धं आयुष्य त्यांच्या दस्त्यांना तेल चोळण्यात गेलं. सुहैलनंतर आफ्रिकेला जाणारी मंडळी यायला लागतात. अक्रोडाचं लाकूड, बंदुकीचं तेल आणि त्यांच्या कपड्यांतला ऊद, असा मिळून एक वास खोलीत साठतो. कॉफीचे चिमुकले पेले फिरतात. इकडचं तिकडचं बोलणं होतं, उंटांच्या शर्यती, मुलांची लग्नं. आणि मग हळूच तो प्रश्न येतो: किती मोठी घेऊ?

मोठी म्हणजे नळीचं तोंड किती रुंद. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीनशे पंचाहत्तर भाग रुंद, ती ३७५. त्यावर ४१६, ४५८, आणि सगळ्यांचा आजोबा म्हणजे ५०० ची दुनळी. हरणासाठी यातली कुठलीच लागत नाही. उलटून अंगावर येतात अशा जनावरांसाठी या असतात: रानरेडा, सिंह, हत्ती. गोळी जितकी मोठी तितका जनावराला बसणारा तडाखा मोठा. पण तोच तडाखा त्याच क्षणी मागे, मारणाऱ्याच्या खांद्यातही शिरतो. ज्याला तो सोसत नाही तो चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो, डोळे मिटतो, आणि गोळी भलतीकडे जाते. ग्राहकाला यातलं पहिलं अर्धं ऐकायचं असतं. दुसरं अर्धं सांगणं हे माझं काम. या कामात मी चांगला आहे, अशी माझी समजूत होती.

गेल्या आठवड्यात बू राशिद आला. रास अल खैमाचा. वय सत्तरीच्या पुढे. राशिदचा बाप म्हणून बू राशिद, त्याचं खरं नाव कुणी घेत नाही. त्याच्या मागून मुबीन आत आला. मुबीन माझ्या बायकोचा, शबानाचा, धाकटा भाऊ. बू राशिदची डोंगराच्या पायथ्याशी इज्बा आहे, म्हणजे उंट-बकऱ्यांची वाडी, तिचा सगळा कारभार मुबीन बघतो. तो येतोय हे दार उघडायच्या आधीच कळतं. फरशीवर एक पाऊल टेकतं आणि दुसरं घासत येतं.

बू राशिद खुर्चीत बसला, काठी मांडीवर आडवी घेतली आणि म्हणाला, "आखरी बार. डॉक्टर भी बोला, आखरी बार. टांझानिया. मुबीन साथ आएगा."

मी मान डोलावली. इन्शाल्ला म्हणालो. तेवढ्यात मुबीन काउंटरवर वाकला आणि हलक्या आवाजात मराठीत म्हणाला, "दुलाभाई, या वेळी मोठी द्या. चारशे अठ्ठावन्न तरी. मला आता धावता येत नाही. जनावर पडलं की पडून राहिलं पाहिजे."

माझ्या हातातलं फडकं थांबलं. म्हणजे हा या वेळीही सुरी घेऊन जाणार होता.

मागची वेळ म्हणजे कोविडनंतरचा पहिला मोकळा हंगाम. विमानं नुकती सुरू झाली होती आणि घरात कोंडलेले लोक दुकानात असे येत होते की जणू सगळी आफ्रिका सेलमध्ये लागली आहे. बू राशिदला रानरेडा मारायचा होता. त्याच्या एका मित्राकडे ५०० ची दुनळी होती, म्हणून यालाही तीच हवी होती. आमचा मालक खूश होता. मी नव्हतो, कारण मी बू राशिदला शॉटगन चालवताना पाहिलं होतं. तेवढ्या धक्क्यालाही त्याचा खांदा आधीच उचलला जायचा.

आणि त्याच्यासोबत मुबीन जाणार होता. हे शबानाला कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच, आणि मला म्हणाली, "तुम्हाला बंदुकीतलं कळतं ना? मग माझ्या भावाला परत आणायची जबाबदारी तुमची." हे तिने भांडून म्हटलं नाही, एखादं सामान आणायला सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कुठली गोळी किती खोल जाते, रानरेड्याची बरगडी किती जाड, सगळं मी वाचत होतो. आमची सना तेव्हा नववीत होती. ती माझ्या मोबाइलमध्ये डोकावून म्हणायची, "अब्बा, दिस इज सो वायलंट." मी तिला म्हणायचो, बाळा, हे तुझ्या मामूसाठी आहे.

शेवटी मी बू राशिदला रेंजवर घेऊन गेलो. सोबत मुबीन. दुनळीत दोन काडतुसं घालायची असतात. पाठ वळवून मी एक खरं घातलं आणि एक खोटं, ज्यात दारूच नव्हती. पहिला बार झाला. म्हातारा दोन पावलं मागे गेला, डोक्यावरचं कापड सरकलं, वाळूतून धुळीचा लोट उठला. "मजबूत," तो म्हणाला आणि पुन्हा नेम धरला. दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा फक्त टिक् असा आवाज आला. आणि त्या शांततेत आम्ही तिघांनीही पाहिलं की नळीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, आणि बू राशिदचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.

कानावरची आवरणं काढल्यावर वाऱ्याचा आवाज फार मोठा वाटतो.

"इसमें बारूद नहीं था?"

"नहीं, बाबा."

"तुम डाला?"

"हाँ, मैं डाला."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. नोकरी गेली, असंच मला वाटलं. मुबीनची तर माझ्याआधी गेली असती. मग त्याने डोक्यावरचं कापड नीट केलं आणि म्हणाला, "मेरा बाप होता तो तुमको मारता." थोडं थांबून, "और मेरे को भी."

त्याने ३७५ घेतली. महिनाभर सराव केला. डोळे उघडे ठेवून मारायला लागला, एका पाठोपाठ दोन गोळ्या, दोन्ही हाताच्या पंजाएवढ्या जागेत. मुबीनने हा किस्सा सगळ्या नातेवाइकांत सांगितला. दुलाभाईंनी अरबाबाला, खुद्द मालकाला, कसं पकडलं! मीही सांगितला. दावतीत कुणी विषय काढला नाही तर मी स्वतः काढायचो. गर्व होता मला, खोटं कशाला सांगू.

आता सुरीचं सांगायला हवं. हे आमच्या बाहेरच्यांना चटकन कळत नाही.

आमच्या गावात बंदुकीने मेलेलं जनावर खात नाहीत. बार टाकताना बिस्मिल्ला म्हटलं तरी नाही. जनावरात धुगधुगी आहे तोवर त्याच्या गळ्यावरून सुरी फिरली पाहिजे, तरच ते हलाल. जाणकारांत याविषयी वेगवेगळी मतं आहेत हे मला फार उशिरा कळलं. गावात मतं नव्हती, सुरी होती. शेताच्या राखणीसाठी म्हणून बंदुकीचे परवाने होते, डुक्कर मारलं की ते आमच्या काय कामाचं, ते शेजारच्या हिंदू वाडीवर जायचं. पण डुकरामागे गेलेली माणसं कधी भेकर दिसलं तर सोडत नसत. कायद्याने बंदी होती आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. बार झाला की एकच ओरड व्हायची, धाव! आणि मुबीन धावायचा. करवंदीच्या जाळ्या, कातळ, चिखल, कशाकशातून. आमच्या गावात त्याच्याइतकं कुणी पळत नसे. टेनिस बॉलच्या मॅचमध्ये त्याला फक्त रन घ्यायला संघात घेत. मुबीन सोबत असला की मटण वाया जाणार नाही, असं म्हातारे म्हणायचे. रक्ताने भरलेल्या हाताने तो सुरी वर करायचा आणि मागून येणाऱ्यांना कळायचं की झालं, पोचला. मग घरटी वाटे पडायचे. ज्या घरात पुरुष नाही त्या घराचा वाटा आधी.

भेकर शेळीएवढं असतं. पडलं की पडलं. धावणं तिथे बरोबर होतं.

निघायच्या आधी टांझानियातल्या गोऱ्या शिकाऱ्याशी फोनवर बोलणं झालं. त्याच्या परवान्यावर ही सगळी शिकार होणार होती. तो सांगेल तेव्हा थांबायचं, तो सांगेल तेव्हा चालायचं, असा तिथला कायदा. बू राशिदचं इंग्रजी बेताचं, म्हणून दुकानातून मीच बोललो. पहिल्यांदा मी काय विचारलं असेल? ३७५ पुरेल का. तो म्हणाला, डोळे उघडे ठेवणाऱ्याला पुरेल. माझी छाती फुगली. मग आम्ही गोळीच्या वजनाबद्दल बोललो, दुर्बीण लावायची की नाही त्याबद्दल बोललो. दोन तज्ज्ञ बोलावेत तसं. शेवटी त्याने विचारलं, पाहुण्यासोबत आणखी कोण आहे?

मी म्हणालो, "वन कुक."

एवढंच म्हणालो. मुबीन जेवण करणार होता, त्यामुळे हे खोटंही नव्हतं. पण तो सुरी घेऊन जाणार आहे, जनावर पडलं की तो धावेल, हे त्या माणसाला सांगायला हवं होतं. त्यासाठी आधी हलाल म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं, मग सुरी, मग आमचं गाव. लाइनवर खरखर होती, ही मी पुढे स्वतःला दिलेली सबब. खरी गोष्ट अशी की कॅलिबरच्या त्या बरोबरीच्या गप्पांमध्ये मला ती सुरी आणायची नव्हती. मला लाज वाटली.

कुक तंबूत राहतो. कुकला जंगलाचे नियम कुणी सांगत नाही.

शिकारीच्या दिवशी बू राशिदनेच त्याला हट्टाने गाडीतून सोबत नेलं. पुढचं मला मुबीनने तुकड्यातुकड्याने सांगितलं, कधी हॉस्पिटलात, कधी इज्बेवर, कधी मध्येच टीव्ही बघताना. गवत छातीएवढं होतं. रेडा एका काटेरी झाडाखाली उभा होता, अंगावर सुकलेला चिखल. गोळी लागल्याचा आवाज आला, ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा. रेडा पुढच्या गुडघ्यांवर आला आणि कलंडला. बू राशिद हसला. मुबीनला वाटलं, गेला, हराम होतंय. आणि तो धावला. शिकारी मागून ओरडला ते त्याने ऐकलं, पण बार झाल्यावर मागून माणसं ओरडतातच, आयुष्यभर ओरडत आली होती.

रेडा उठला तेव्हा मुबीन त्याच्या इतक्या जवळ होता की त्याच्या डोळ्याभोवतीच्या माश्या दिसत होत्या, असं तो म्हणतो. शिंग मांडीत शिरलं. मग आकाश, गवत, पुन्हा आकाश. मग दोन बार, एक शिकाऱ्याचा आणि एक बू राशिदचा.

त्याचा जीव वाचला. मांडीचं हाड आणि खुबा, दोन्ही मोडले. पाय आखूड झाला तो झालाच.

दुकानात हे कळल्यावर जो तो विचारायचा, रायफल कोणती होती? मी सांगायचो. ते मान हलवायचे, तरीच. ५०० असती तर रेडा उठलाच नसता, असं आमचा मालक म्हणाला, आणि ते त्याने एकदाच म्हटलं असलं तरी मला रोज ऐकू येतं. पुढे त्या शिकाऱ्याचं म्हणणं बू राशिदकडून कळलं, ते नेमकं उलटं होतं. पहिली गोळी योग्य जागी होती, कुठल्याही रायफलीने रेडा तेवढा वेळ जगलाच असता. बू राशिदची दुसरी गोळी इतकी झटपट आणि सरळ गेली म्हणून रेडा मुबीनवर पुन्हा वळला नाही. ५०० ने म्हाताऱ्याला ती मारताच आली नसती. मग ३७५ ने मुबीनचा पाय घेतला की जीव वाचवला? मी हा विचार इतक्या वेळा केलाय की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. आणि प्रत्येक वेळी मध्येच लक्षात येतं, रायफलीचा विचार मी एवढ्यासाठी करतोय की सुरीचा करावा लागू नये.

मुबीनला विमानाने इकडे आणलं. हॉस्पिटलात बू राशिद रोज यायचा, भिंतीकडच्या खुर्चीत तसबीहची माळ फिरवत बसायचा. एकदा मुबीन झोपला होता, मी आणि तो दोघेच जागे. एसीच्या हवेत औषधाचा आणि त्याच्या ऊदाचा वास. त्याने मला विचारलं, "हम गोली पे बिस्मिल्ला बोला. खलास. हलाल हो गया. ये क्यों भागा?"

मला आधी कळेचना तो काय म्हणतोय. मग कळलं. त्यांच्याकडे, निदान त्याच्या घराण्यात, गोळी सोडताना अल्लाचं नाव घेतलं की पुरे. गोळीनेच जनावर मेलं तरी ते हलाल. त्याला सुरीची गरजच नव्हती. मुबीनला त्याने नेलं होतं ते सोबत म्हणून, त्याच्या हातच्या जेवणासाठी. इतकी वर्षं तो आमच्यात वावरतो, मुबीनने त्याच्यासाठी ईदला किती बकरे कापले, पण शिकारीचं हे ना त्याने कधी विचारलं ना आम्ही. दोघांनाही वाटलं, यात विचारायचं काय.

मी त्याला आमच्या गावचं सांगितलं. तो ऐकत राहिला. तसबीहचे मणी थांबले होते.

"मेरे को लगा," तो म्हणाला, "खुशी में भागा."

हे मी घरी येऊन शबानाला सांगितलं. फोनवर कुक म्हणालो तेही सांगितलं. ती म्हणाली, "मुबीनला सांगू नका. तो म्हणतो माझा पाय अल्लाच्या कामात गेला. तेवढंच आहे त्याच्याकडे. ते काढून घेऊ नका."

मी नाही सांगितलं. दर वर्षी सुहैल उगवला, दर वर्षी लोक आले, मी त्यांना दुसरं अर्धं समजावत राहिलो, आणि दर शुक्रवारी मुबीन पाय घासत आमच्याकडे जेवायला आला. सना आता युनिव्हर्सिटीत जाते. एकदा तिला सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, "इट वॉज अॅन अॅक्सिडेंट, अब्बा. लेट इट गो." मी हो म्हणालो. इंग्रजीत ते फार सोपं वाटलं.

पण आता तो पुन्हा जाणार होता, लंगडत, सुरी घेऊन, मोठ्या रायफलीच्या भरवशावर. त्या दिवशी घरी येऊन मी शबानाला ते सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "आता सांगा," म्हणाली.

शुक्रवारी मी रास अल खैमाला गेलो. सिमेंटच्या कारखान्यांची धूळ उन्हात तशीच लोंबकळत होती, डोंगर तिच्यामागे पुसट. इज्बेवर उंट रवंथ करत बसले होते. मुबीन गाफच्या झाडाच्या सावलीत बाजेवर बसून दगडावर सुरी लावत होता. तीच, गावची, शिंगाच्या मुठीची. आफ्रिकेतल्या त्या गवतात ती शोधून त्या शिकाऱ्याच्या माणसांनी परत पाठवली होती.

"चारशे अठ्ठावन्न काढून ठेवली?" त्याने विचारलं.

मी सांगून टाकलं. बू राशिदने गोळीवर बिस्मिल्ला म्हटलं होतं. त्यांना सुरी लागत नाही. त्या दिवशीही लागत नव्हती. तुझ्या धावण्याची त्याला गरज नव्हती. सांगताना मी त्याच्याकडे बघत नव्हतो. दगडावरचा आवाज मात्र ऐकत होतो. तो थांबला नाही, त्याची लय तेवढी संथ झाली.

"त्याला हलाल होतं," मुबीन म्हणाला. "मला पण जेवायचं होतं ना, दुलाभाई."

इतकी वर्षं आम्ही, मी आणि शबाना, तो म्हाताऱ्यासाठी धावला असं धरून चाललो होतो. त्याच्या ताटाचा विचार आमच्या मनात आला नव्हता.

मग फोनवरचं राहिलं होतं, तेही सांगितलं. शिकाऱ्याने विचारलं सोबत कोण, आणि मी म्हणालो, कुक.

आता मात्र आवाज थांबला. त्याने अंगठ्यावर धार बघितली.

"कुक म्हणालात?"

"हो."

"माझी लाज वाटली?"

"सुरीची," मी म्हणालो. मग वाटलं, निदान आज तरी पूर्ण सांगावं. "तुझीही."

त्याने सुरी फडक्यात गुंडाळली. एक उंट उठला, अंग झाडलं, पाण्याच्या टाकीकडे गेला. पाय मोडला तेव्हाही जे दुखावलेपण त्याच्या चेहऱ्यावर आलं नव्हतं ते आता आलं होतं, आणि मला ते बघत बसावं लागलं. दुपार कलल्यावर अस्रची अजान झाली तेव्हा तो उठला, हातपाय धुऊन वजू केला, मला न बोलावता नमाजाला गेला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्याला आता खुर्चीवर बसून नमाज पढावा लागतो. त्याने खुर्ची थोडी सरकवून मला जागा करून दिली.

निघताना तो गाडीपर्यंत आला आणि फडक्यात गुंडाळलेली सुरी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "ही शबाना आपाकडे द्या. कोंबडीला होईल. आणि तिला म्हणावं, सुकट भाजून ठेव. जरा जास्त. तिथे मी तेच खाईन."

"मग जातोयस?"

"म्हातारा शेवटचा चाललाय. एकटा कसा पाठवू? माझ्याशिवाय तो औषध घेत नाही." थोडं पुढे गेल्यावर तो वळून म्हणाला, "आणि त्या गोऱ्याला फोन करा तुम्ही."

काल शबानाने सुकट भाजली. लिफ्टपर्यंत वास गेला. शेजारची मल्याळी बाई काय चाललंय म्हणून विचारायला आली आणि बशी भरून घेऊन गेली. मी दुकानातून टांझानियाला फोन लावला. लाइनवर तीच खरखर. बू राशिद येतोय, मी म्हणालो, आणि सोबत मुबीन.

"आय रिमेंबर," तो म्हणाला. "द कुक."

"नो," मी म्हणालो. "माय वाइफ्स ब्रदर."

आणि मग मी सगळं सांगितलं. हलाल म्हणजे काय, सुरी कशाला लागते, आमच्या गावात बार झाल्यावर काय ओरडतात, तो कसा धावायचा. माझं इंग्रजी मध्येच अडकलं. धुगधुगीला शब्द सापडेना, तर जीव पूर्ण गेलेला नसतो तेव्हा, असं लांबवून सांगितलं. खरखर वाढली की मी थांबत होतो आणि कमी झाली की तेच वाक्य पुन्हा म्हणत होतो. जनावर पडलं तरी त्याला गाडीतून उतरू देऊ नका. या वेळी तो उतरणार नाही म्हणालाय. तरी उतरू देऊ नका. तिकडून काही आवाज नव्हता, मला वाटलं लाइन तुटली. पण तो ऐकत होता. म्हणाला, मागच्या वेळी हे मला माहीत असतं तर. ते वाक्य त्याने पूर्ण केलं नाही, आणि मीही त्याला करायला लावलं नाही.

काचेबाहेर एक ग्राहक गाडी लावत होता. आतल्या खोलीत बू राशिदची ३७५ साफ करून पेटीत ठेवलेली होती, तिच्या शेजारी ४५८, दोन्ही सारख्याच दिसतात. फोन ठेवायच्या बेतात होतो तेव्हा शेवटी त्यानेच विचारलं, रायफल कोणती आणताय?